निशाणी चौतीस

खंडपीठाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी खोली. कूलर फिरतो, टाकीत पाणी नाही.
पानामागे साठ रुपये, शिक्का वेगळा.
मराठी आत येते, इंग्रजी होऊन बाहेर जाते,
मध्ये मी, चष्मा पुसत.

आज आलं फक्त दोन वाक्यांचं काम.
'तू आता काही बोलू नको. मी पाहून घेईन.'
खाली सही नाही, तारीख नाही,
कोपऱ्यात गोल शिक्का: निशाणी ३४.

वकीलसाहेब घाईत, हेल्मेटही काढलं नाही.
म्हणाले, धमकी आहे मॅडम, सरळ आहे,
लिहून टाका, लंचच्या आधी पाहिजे.

सरळ.
मी बारावीत गणितात गेले तेव्हा
बाबा खाटेवर बसून हेच म्हणाले होते,
आणि सकाळी सायकलला हवा भरून
महालातल्या मास्तरांकडे गेले शिकवणी ठरवायला.
आणि हेच म्हणाला होता
आमचा घरमालक, चावी मुठीत दाबून.
शब्द तेच, क्रियापद तेच, काळही भविष्यच,
फक्त त्या रात्री आम्ही कोणी झोपलो नाही.

या शहरात तर नुसत्या 'बे'चं घ्या.
'काऊन बे' म्हणत गळ्यात हात टाकतात,
'काऊन बे' म्हणत कॉलर धरतात.
जबानीत दोन्ही बे सारखेच उभे राहतात
आणि हाताचं कोणी लिहून घेत नाही.

थोरला परसराम धापोडकर, धाकटा गुलाब.
गोळीबार चौकाच्या आत घर, तीन माग,
दोन भंगारात गेले, एकावर आता कपडे वाळतात.
अंगणातली भिंत पाच फूट.
एवढं फिर्यादीत आहे.
मी विचारलं, मूळ कागद?
तर म्हणाले, झेरॉक्सवरून करा, सगळे करतात.

मी जिना उतरले.
रेकॉर्डवाला निंबाजी डबा खात होता,
डाव्या हाताने फाईल सरकवली,
म्हणाला, पाहून घ्या, पण पटकन.
(हे एक तिसरंच पाहून घेणं.)

कागद उलटला.
मागे मेडिकलच्या वॉर्डाची चिठ्ठी.
बयाबाई धापोडकर, वय ७१,
रक्ताच्या दोन बाटल्या, सलाईनचा सेट,
एक इंजेक्शन, त्याच्यापुढे किंमत, किमतीखाली दोनदा रेघ.
आणि पेन्सिलने, थोरल्याच्या वाकड्या अक्षरात:
'एवढे कुठून आणू बे गुलाब?'

म्हणजे ही बाजू उत्तराची.
झेरॉक्सच्या काचेवर उत्तर पालथं पडलं,
प्रश्न छताकडे पाहत राहिला.

लगेच डोळे भरून येऊ द्यायला मी काही नवखी नाही.
चिठ्ठीवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची,
भिंत त्याच्या पुढच्या साली.
बयाबाई वाचली का, ते कुठेच नाही.
गुलाबने खरंच पाहून घेतलं का, तेही नाही.
आणि परसरामने हा कपटा
घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सहा वर्षं का जपला?
कोर्टात दाखवायला,
की दुसऱ्याच कशाला,
आणि मग एके दिवशी रागात तोच हाताशी आला?
त्याचा मजकूर दोन्ही बाजूंना नाही.

वर येऊन टाईप केलं.
पुढची बाजू. मागची बाजू. पेन्सिल, तीही.
'पाहून घेईन' तसंच ठेवलं, मराठीच,
रोमन लिपीत, अनोळखी गावात उतरलेल्या पाहुण्यासारखं,
आणि खाली टीप लिहिली: दोन अर्थ होतात,
कोणता ते भाषांतरकाराला कळवण्यात आलेले नाही.

वकीलसाहेब पावणेदोनला आले.
टीप वाचली, हेल्मेट काढलं,
डोकं खाजवलं, परत घातलं.
मी बिल दिलं, एकशेवीस.
म्हणाले, मॅडम, पान तर एकच होतं न?